मास्तरांची गत, शेवटापर्यंत

मास्तर, आपण बॅण्डवाले आयुष्यभर गाणी वाजवतो आणि एकही पुरं वाजवू दिलं जात नाही. मंडप आला, यजमानाने हात वर केला, की कडव्याच्या मधोमध सॅक्सोफोन तोंडातून काढायचा. हा अपमान आहे, असं मी तुमच्यासमोर गरजलो होतो. तुम्ही रीड ओली करता करता झापलंत, "भाषण नगं. फुक."

आता ऐका. बोरी, झरी, पालम या गावांच्या, एकमेकांच्या लग्नाच्या सुपाऱ्या पळवणाऱ्या तिन्ही बॅण्डांनी मिळून जॅझचा अल्बम केलाय. सतरा जण, पुढे आम्ही तिघे सॅक्सोफोनवाले. परदेशातल्या मोठ्या बॅण्डांचा व्हिडिओ बघून पालमचे सॅक्सोफोनवाले काका म्हणाले होते, "आरं, ही तर आपलीच वरात हाय. निस्ती बसून चाललीय." मग आम्हीही खुर्च्या मांडल्या. एकाने सूर धरायचा, दुसऱ्याने त्याच्याशी भांडायचं, मागून ट्रम्पेटांनी दोघांना गाठायचं. आणि वाजवायची तुम्ही बांधलेली गत, जी प्रत्येक वरातीत मंडपापाशी तुटायची.

झरीला पहिली तालीम. गत रंगात येते आणि सतराच्या सतरा जण एकदम थांबून दाराकडे बघतात. हात कुणीच वर केलेला नाही. "थांबलाव कशाला?" ढोलवाला ओरडतो. "मंडप आला न्हवं का," झरीचा सॅक्सोफोनवाला म्हणतो. सगळे हसले. मला हसू आलं नाही. पुढचं कुणालाच येत नव्हतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. तुमचा शिष्य मीच.

एका दुपारी तुमच्या स्वयंपाकघरात, माई भाकरी थापत असताना, तुम्ही ती गत मला शेवटापर्यंत वाजवून दाखवलीत. मी संध्याकाळच्या बॅण्डवाल्यांच्या सभेसाठी भाषणाची टिपणं काढत होतो. "ध्यानात आली का?" तुम्ही विचारलंत. मी मान डोलावली. एक सूरही ऐकला नव्हता.

अल्बममधला शेवट मी रचलाय आणि तुमचा म्हणून सगळ्यांना शिकवलाय. चांगला झालाय, हे मी ठणकावून सांगतो. पण तुमचा नाही. तुम्ही गेलात, हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून उद्या बोरीच्या वरातीत आम्ही सतराही जण वाजवण्याआधी तो उरलेल्या सोळा जणांपुढे वाचणार आहे.

तर बॅण्डवाल्यांनो, खोटं बोललो ते मी, गत खरी आहे. आज मंडपापुढे हात वर झाला तरी सॅक्सोफोन खाली घेऊ नका. पुरी वाजवा.