ठसा घासलेला पाना

बाबा, तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली आणि आज तुमचा इतका राग आला की कणीक तशीच परातीत टाकून कागद घेऊन बसले. सकाळी अकोल्याहून एक जण आला होता, जुन्या मोटारी सांभाळायचा शौक असलेला. तुमची पान्यांची पेटी त्याच्यापुढं ठेवली. तो भिंग काढून बसला आणि मी भिंगाशिवाय सांगत गेले. हा बाणाचा ठसा अन् खाली त्रेचाळीस साल, म्हणजे लढाईतला, फौजेचा माल. यावर नुसतं 'जर्मनी', तर लढाईच्या आधीचा. 'वेस्ट जर्मनी' असेल तर लढाईनंतरचा. अक्षरं खोल ठोकलेली की उठावाची, ते अंगठ्यानं बघायचं. "कोणाकडून शिकलात हो?" त्यानं विचारलं. वडिलांकडून म्हणाले आणि तोंड कडू झालं. मग त्यानं दुसरा रिंगपाना उचलला, मधोमध घासून गुळगुळीत केलेला. "अरेरे, याचा ठसा कोणी खाल्ला?" मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत उठून गेले.

तुम्ही खाल्लात, बाबा. दुसरं कोण? कारंज्यात ज्याच्या नावाचा डंका होता तो मिस्त्री. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण "पाना द्या हातात, जल्मसाल सांगतो" म्हणायचात आणि खरंच सांगायचात. रिसोडहून लोक भंगारातली अवजारं तुम्हाला दाखवायला आणत. मी सहावीत. ठशावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, ठसा कागदावर उतरायचा, आणि तुम्ही म्हणायचात, "मानूस खोटं बोलते पोरी, लोखंड बोलत नाही." किती ऐटीत म्हणायचात! मला तर तेव्हा शाळेतले सगळे मास्तर तुमच्यापुढं फिके वाटायचे.

मेडशीचे काका नऊ वर्षं तुमच्याबरोबर काम करत होते. स्वतःची पेटी, स्वतःचे पाने. त्यांचा रिंगपाना तुमच्याच मापाचा, पण वेस्ट जर्मनीचा, उठावाच्या अक्षरांचा. त्यांच्या उस्तादानं मरताना हातात दिलेला. तो ते सख्ख्या भावालाही वापरू देत नसत.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली असतील. खंडेनवमी. आपल्याकडची रीत तुमचीच: सगळ्यांची अवजारं रॉकेलनं धुऊन एकाच पोत्यावर मांडायची, एकच पूजा. "आज कोनाचं काई नाही, सारं देवाचं." दुसऱ्या दिवशी ज्यानं त्यानं आपापलं ओळखून उचलायचं. त्या वर्षी पोत्यावर रिंगपाना एकच निघाला. वरून हळदीकुंकवाचा असा लेप की ठसा पार बुजलेला. प्रसादाला थांबलेले कापसाचे शेठजी, दोन ड्रायव्हर, सगळे बघतायत. तुम्ही पाना उचललात आणि छातीठोक सांगितलंत, "हा माहा. बाण, त्रेचाळीसचा."

काका म्हणाले, "मिस्त्री, कुंकू पुसून तं पाहा."

"मले पुसाची गरज नाही. आता तू मले ठसे शिकवून राह्यला काय?"

कोणीतरी हसलं. काकांचा चेहरा उतरला. "पाना ठेवा तुमी. पन माह्यावर आळ नोका घेऊ."

"हा तुहा, तं मंग माह्यावाला पाना कुठी गेला? पाय फुटले त्याले?"

बस्स. काकांनी पेटीला कुलूप लावलं, पेटी खांद्यावर घेतली आणि एसटी स्टँडकडं चालू लागले. आईनं दिलेला प्रसादाचा द्रोण तिथंच राहिला. पाना पुसून बघायची कोणाची हिंमत झाली नाही.

आणि दहा दिवसांनी शेठजींची लॉरी, पूजेच्या आदल्या दिवशी दुरुस्त होऊन गेलेली, परत आली. ड्रायव्हर हसत म्हणाला, "मिस्त्री, तुमचा पाना माह्या गाडीच्या चेसीवरच राह्यला होता ना!" तुम्ही तो घेतलात. बाण, खाली त्रेचाळीस. अंगठा फिरवलात आणि खिशात घातलात. मला वाटलं, आता बाबा मेडशीची गाडी धरणार. तुम्ही धरलात काय, तर ग्राइंडर! काकांचा पाना त्यावर दाबून धरलात, ठिणग्या उडाल्या, पाच मिनिटांत वेस्टही गेलं अन् जर्मनीही गेलं. अहो, अर्धा दिवस लागला असता मेडशीला जाऊन यायला! "माह्या हातून चुकलं" एवढे तीनच शब्द लागले असते! शेठजींसमोर मान खाली जाईल म्हणून एका भल्या माणसाला जन्माचा चोर करून ठेवलंत. काकांना मग कारंज्यात, रिसोडात, कुठल्याच गॅरेजनं उभं केलं नाही. मेडशीच्या फाट्यावर सायकलींचे पंक्चर काढत बसायचे. इंजिन उघडणारा माणूस! मी एसटीच्या खिडकीतून पाहायची आणि तुमच्या नावानं दात खायची. तुमच्या तेराव्याला लोक म्हणाले, असा जाणकार पुन्हा होणे नाही. मला ओरडावंसं वाटलं.

हे पत्र कुठं टाकणार? तुमचा पत्ता नाही, काकांचाही आता राहिला नाही. डब्यात ठेवून देईन.

पण इतक्या रागात लिहूनही एक गोष्ट वर खोटी लिहिली. पाना कोणी पुसला नाही, असं लिहिलं. पुसला होता. पेटी उचलण्याआधी काका माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "तू वाच माय. तुले इंग्रजी येते." तुम्ही डोळ्यानंसुद्धा खुणावलं नाहीत, पाना माझ्या हातात दिलात. मी परकराच्या टोकानं कुंकू पुसलं. अक्षरं उठावाची होती, स्पष्ट होती, वेस्ट जर्मनी. मी म्हणाले, "बाण आहे, काका."