टाकी किती जणांची?

रोझेर,

बॉयलरला जोडायच्या गरम पाण्याच्या टाकीसाठी प्लंबरचा फोन आला होता. मी आपली खोल्या आणि रेडिएटर मोजून सांगत बसले. तो हसला, "अहो बाई, ते घर तापवायला! टाकीसाठी सांगा, सकाळी एकामागून एक आंघोळी किती?"

माझा गोंधळच उडाला. आधी तीन म्हटलं, मग दोन. मोठी घेतली तर पाणी उगाच तापत राहणार. लहान घेतली तर शेवटच्या माणसाच्या डोक्यावर गार पाणी, आणि या घरात शेवटी कोण न्हातं, तुला ठाऊक आहे.

ओव्हनमध्ये बीन्स आहेत, आईंना गरम वाढ. मी बँगरला ताईकडे जातेय. परत कधी, माझं मलाच कळत नाहीये.

प्लंबर संध्याकाळी पुन्हा फोन करेल. आंघोळी मोजताना मला धरायचं की नाही, ते तूच सांग त्याला.

नोएला