आकडे तेच, अक्षर वेगळं

रत्नागिरी,
तुळशीचं लग्न परवावर आलेलं असताना.

तीर्थरूप भिकूमामा,

आत्मारामचा तुमच्या आणि मामींच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही तिघंही शरीराने धडधाकट आहोत. (मनाचं पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? गेल्या पत्रात डावा दुखतोय म्हणाला होतात, त्याच्या आधीच्या पत्रात उजवा होता. तेव्हा आता दुखणं एकाच जागी स्थिर झालं असेल तर ती सुधारणाच समजावी. मामींचा खोकला उतरला असेल. म्हैस व्याली असेल तर रेडा की पारडी ते कळवावं, ही, म्हणजे तुमची सून, रोज विचारते.

तुमचं पोस्टकार्ड सोमवारी मिळालं. त्यात दोन प्रश्न आहेत. एक, ही सरकारी लॉटरी कशी खेळतात, बक्षिसं किती आणि कशी असतात, ते सगळं अथपासून इतिपर्यंत लिही (फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्रानेच). आणि दोन, मला लागलेल्या एक कोटीचं मी काय करणार आहे. मामा, पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे आणि दुसऱ्याचं एका शब्दाचं, पण तो शब्द मी गेले आठ दिवस इतक्या जणांना सांगितलाय की तो झिजून गुळगुळीत झालाय. म्हणून आधी पहिलं घेतो.

तुम्हाला ठाऊकच आहे, बर्फाच्या कारखान्यात सदतीस वर्षं कारकुनी करून मी गेल्या वर्षीच्या दिवाळीत निवृत्त झालो. निवृत्त माणूस घरात बसला की घर लहान होतं, असं तुमच्या सुनेचं म्हणणं. तिने मला कोथिंबीर आणायला पाठवायला सुरुवात केली. कोथिंबिरीच्या वाटेवर एस.टी. स्टँडच्या कोपऱ्यावर संदेशचं लॉटरीचं टेबल आहे. रंगीत छत्री, दोरीला चिमटे, चिमट्यांना तिकिटं. पहिल्या दिवशी मी नुसता वाचायला थांबलो (छापील काहीही दिसलं की वाचायची मला सवय आहे, तुम्हीच मला औषधाच्या बाटलीवरचं वाचायला शिकवलंत) आणि कोथिंबीर सुकून घरी पोचली.

तर नियम असे. एक असते आठवड्याची सोडत. तिकीट स्वस्त, बक्षीस बेताचं. दुसरी महिन्याची, तिकीट थोडं महाग, बक्षीस थोडं मोठं. आणि तिसरी सणांची, तिला बंपर म्हणतात. तिचं तिकीट इतकं महाग की ते घेतल्यावर घरी खरी किंमत सांगता येत नाही, आणि बक्षीस इतकं मोठं की लागलं तर खरा आकडा कुणालाच सांगता येत नाही. प्रत्येक तिकिटावर आधी अक्षर असतं, मग पाच आकडे. पहिलं बक्षीस हवं तर अक्षर आणि पाचही आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. शेवटचे चार जुळले तर बरं बक्षीस, तीन जुळले तर किरकोळ, दोन जुळले तर तिकिटाचे पैसे परत, जे संदेश तुमच्या हातात न देता पुढचं तिकीट देऊन फेडतो. लहान बक्षीस टेबलावरच मिळतं. मोठ्याला अर्ज, ओळखपत्र, सही आणि मुंबईची फेरी. वर कराची कपात. आणि एक राहिलं. पाचही आकडे जुळले पण अक्षर वेगळं निघालं, तर उत्तेजनार्थ बक्षीस असतं. मामा, हे 'उत्तेजनार्थ' नीट लक्षात ठेवा. आमच्या घराचं सगळं वाटोळं या एका शब्दाने केलं आहे.

मी अकरा महिने अभ्यास केला. जुन्या निकालांची वही केली. सात हा आकडा पावसाळ्यात जास्त येतो आणि चार हा आळशी आहे, असे माझे निष्कर्ष होते. संदेश मला 'सर' म्हणू लागला. माझ्या अभ्यासाचा फायदा घेऊन स्टँडवरच्या एका रिक्षावाल्याला दोनदा लागलं, मला एकदाही नाही. दिवाळीचं बंपर आलं तेव्हा मी सोबत असलेल्या तुमच्या सुनेला म्हटलं, तूच काढ एक. ती सुके बोंबील घेऊन घरी जायच्या घाईत होती. तिने न बघता एक तिकीट ओढलं आणि बोंबलांच्या पिशवीत टाकलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निकाल होता. मी ओटीवर मोबाइल घेऊन बसलो. चष्मा डोक्यावर होता आणि तो मी घरभर शोधून झाला होता, म्हणून तसाच डोळे बारीक करून वाचायला लागलो. तीन. शून्य. आठ. आठ. एक. बोंबलाच्या वासाच्या तिकिटावरही तीन, शून्य, आठ, आठ, एक. मामा, मी उभा राहिलो ते आठवतं. पुढचं लोक सांगतात. मी 'लागली! कोटीची लागली!' असं तीनदा ओरडलो म्हणे. त्या क्षणी पायरीवर कोण बसलं होतं? मासेवाली येसूबाई. मिरकरवाड्याहून सकाळी निघाली की दुपारपर्यंत तिला शहरातल्या चारशे दारांशी बोलायचं असतं. ती बांगड्याची पाटी तिथेच टाकून गेली. (ती पाटी आयुष्यात पहिल्यांदा एकटी राहिली. मांजराने संधीचं सोनं केलं.)

तुमच्या सुनेने माझ्या डोक्यावरचा चष्मा नाकावर आणून ठेवला. मग मी अक्षर पाहिलं. निकालात एम होता. आमच्या तिकिटावर एन. एका दांडीचा फरक, मामा. उत्तेजनार्थ बक्षीस, रुपये एक हजार. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं एका शब्दाचं उत्तर ते हेच, हजार.

हे सगळं व्हायला दहा मिनिटं लागली असतील. तेवढ्यात येसूबाई दोन आळ्या पुढे गेली होती. मी चपला घालून तिच्या मागे धावलो, तर लोक म्हणाले, बघा, आनंदाने धावतोय.

पुढचे दोन दिवस दाराची कडी लागली नाही. देवळाच्या कमिटीचे तिघे आले आणि सभामंडपाच्या फरशीचे नमुने मांडून बसले. विम्याचा एजंट आला. चौथीत माझ्या पुढे बसणारा एक जण आला, त्याला माझी फार आठवण येत होती म्हणे, गेली पन्नास वर्षं. मी प्रत्येकाला तिकीट दाखवलं. लोक तिकीट बघत आणि एकमेकांना डोळा घालत. म्हणत, हे दाखवायचं तिकीट, खरं बँकेच्या लॉकरमध्ये असणार. मी रिक्षा न करता चालत गेलो, तर म्हणाले, पैसा आला तरी पाय जमिनीवर आहेत. तुमची सून जुन्याच साडीत दिसली, तर म्हणाले, हुशार बाई आहे, करवाल्यांच्या डोळ्यांवर येत नाही. गरिबी सिद्ध करण्याचा एकही मार्ग लोकांनी मला शिल्लक ठेवला नाही.

इथवर मी हसत होतो. खरं सांगतो, थोडं बरंही वाटत होतं. सदतीस वर्षं बर्फ मोजला, पण आळीत कुणी खुर्ची पुढे केली नव्हती.

मग बाबल्याशेठ मयेकरांचा फोन आला. मामा, तुमच्याच नाटे गावचे, तुमच्या पलीकडच्या घरातले. आमची मृणाली कोळंबीच्या कारखान्यात माल तपासते आणि त्यांचा सर्वेश टेम्पोने कोळंबी आणून घालतो, त्यातून दोघांचं जमलं, हे तुम्हाला माहीत नसेल तर आता झालं. दोन्ही घरांना पसंत होतं. बाबल्याशेठ येत्या रविवारी रीतसर बोलणी करायला येणार होते. तुमच्या सुनेने रव्याच्या लाडवांना तूपसुद्धा आणलं होतं. फोनवर ते म्हणाले, "आत्मारामभाऊ, तुमची मुलगी लाखात एक. पण आता ती कोटीत गेली. आमचं राहू द्या."

मी काही बोलायच्या आत फोन बंद.

मृणाली शेजारीच उभी होती. तिला फोनमधलं ऐकू गेलं होतं. ती आत जाऊन भाकऱ्या करायला लागली. ज्या दिवशी ती न सांगता भाकऱ्या करते, त्या दिवशी घरात काहीतरी गंभीर झालेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मला कळलं की बाबल्याशेठांची होडी मिरकरवाड्याला लागली आहे. मी तिकीट खिशात घालून बंदरात गेलो. लिलाव रंगात आला होता. बांगडा त्या दिवशी धो धो आला होता, जिकडेतिकडे क्रेट. बाबल्याशेठ बर्फाच्या पेटीवर बसले होते, सर्वेश मागे मान खाली घालून. मी तिकीट पुढे केलं.

"ते खिशात ठेवा," बाबल्याशेठ म्हणाले. "लॉटरी लागली की माणूस आधी खोटं बोलायला शिकतो."

"अहो, अक्षर बघा! एन आहे!"

"मला इंग्रजी येत नाय. मला गाव कळतो. उद्या वेळेश्वराच्या देवळापासून जेटीपर्यंत लोक काय म्हणतील? बाबल्याने लॉटरीवर जाळं टाकलान. माझ्या बापाने दुसऱ्याच्या जाळ्यातला मासा कधी उचललान नाय, आणि मी सून म्हणून कोटी उचलू?"

मामा, माणूस चुकत होता, पण त्याच्यावर रागवता येईना. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आमच्या पैशामुळे आम्हाला नाकारत होतं, आणि तो पैसा आमच्याकडे नव्हता! माझं भान सुटलं. मी एका पालथ्या क्रेटवर चढलो आणि सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं ओरडलो, "हजार! फक्त हजार!"

माझ्या पाठीमागे लिलाव चालू होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. लिलाववाला आठशेवर अडकला होता. त्याने सुटकेचा श्वास सोडला, "हजार एक, हजार दोन, हजार तीन, दिला!" आणि बांगड्याचा भरलेला क्रेट माझ्या पायाशी येऊन पडला.

लिलावात शब्द फिरवता येत नाही. बर्फाच्या कारखान्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. उत्तेजनार्थ बक्षिसाचे हजार अजून हातात पडायचे होते, त्याआधीच त्यांचे बांगडे झाले. मी रिक्षा केली, सर्वेशने क्रेट उचलून तिच्यात ठेवला. "काका, बर्फ जास्त घातलाय," एवढंच म्हणाला. पोरगा चांगला आहे, मामा.

एवढे बांगडे आम्ही तिघं खाणार किती? घरोघर वाटले. आळीने ते मिटक्या मारत खाल्ले आणि म्हटलं, बघा, शेवटी दिलीच पार्टी!

संध्याकाळी उरलेले साफ करायला मृणाली माझ्याजवळ विळी घेऊन बसली. मग ती म्हणाली, "बाबा, मी कुणाला परवडत नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच कळलं." आणि हसली. ते हसू बघवेना. मी दोष बांगड्याच्या खवल्यांवर ढकलून डोळे पुसले. तुमच्या सुनेने ते पाहिलं, पण काही म्हणाली नाही, म्हणजे परिस्थितीचा अंदाज तुम्हाला यावा. त्या दिवसापासून आज पाच दिवस मी संदेशच्या छत्रीकडे फिरकलो नाही. कोथिंबीरही दारावरच घेतो.

तेव्हा मामा, लॉटरीबद्दल माझा अनुभवाचा सल्ला असा की खेळू नये. आणि खेळलात तर निकाल चष्मा लावून, दार लावून आणि तोंड लावून घेऊन वाचावा. मामींना नमस्कार. थंडी पडू लागली आहे, पहाटे अंगणात उघडे बसू नका.

तुमचा भाचा,
आत्माराम

ता. क. हे पत्र खरं म्हणजे पुढच्या कामासाठी लिहिलं आहे. तुम्ही बाबल्याशेठांच्या वडिलांच्या होडीवर तांडेल होतात, सगळे खलाशी तुमच्या हाताखाली. त्या घरात तुमचा शब्द अजून चालतो. कृपा करून एकदा पलीकडे जा आणि आम्ही किती फाटके आहोत ते त्यांना पटवा. हात आखडू नका. स्वयंपाकघर गळतं ते सांगा. माझ्या लग्नात कोट तुमचा होता, तेही सांगा. मला वेंधळा, आळशी, काय वाटेल ते म्हणा. चारचौघांत म्हणालात तर अधिक उत्तम. गुडघा दुखत असेल तर त्यांना बोलावून घेऊन म्हणा.

ता. क. दुसरा. तुमची सून सांगते आहे की इतकंही सांगू नका, नाहीतर मुलगी भिकेकंगाल घरातली आहे असं वाटेल. मध्यम सांगा. स्वयंपाकघर गळतं, पण फक्त जोराच्या पावसात.

ता. क. तिसरा. मामाआजोबा, नमस्कार. मी मृणाली. बाबांनी पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून हे त्यांना न दाखवता लिहिते. तुम्हाला कुठे जायला नको. काल सर्वेशऐवजी त्याचे बाबा स्वतः कोळंबी घेऊन कारखान्यात आले होते. मी माल बघितला. अर्धा नरम पडला होता. मी पावतीवर 'नापास' लिहिलं आणि त्यांच्या हातात दिली. ते पावतीकडे बघत राहिले, मग माझ्या गमबुटांकडे, मग म्हणाले, "कोटीची मालकीण कोळंबीच्या वासात आठ तास उभी राहून सासऱ्याचा माल परत पाठवील काय गो?" मी म्हटलं, "वास आला तर पाठवीन." त्यांना इतकं हसू आलं की सगळ्या बायका काम सोडून बघायला लागल्या. रविवारी सगळे येताहेत. तुम्ही आणि मामीआजी त्यांच्याच गाडीत बसून या. फक्त बाबांना तोपर्यंत काही कळवू नका. अपराधी वाटतंय म्हणून ते पाच दिवस आई सांगेल ते काम करताहेत. खिडक्या झाल्या, पंखे झाले, आजपासून माळा काढलाय. आई म्हणते, रविवारपर्यंत घर पाहुण्यांना दाखवण्याजोगं होईल.