पाळणाघरातली चुळबुळ

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, रागावू नकोस. आज बसलेय खरी, पण एवढ्यात दोनदा उठूनही आले. हल्ली माझं असंच चाललंय. एका जागी बूड म्हणून ठरत नाही.

घरचं सगळं ठीक. ह्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान बरं चाललंय. जेवायला बसले की बोटांना तेलाचा वास येतो आणि सासूबाई त्यांना शाळकरी पोरासारखं पुन्हा हात धुवायला पिटाळतात. त्यांच्या पाळणाघराबद्दल तू विचारलं होतंस. खालची मोठी खोली, मागची छोटी खोली आणि थोडं अंगण, बस. आया कामावर जाताना पोरं सोडतात आणि संध्याकाळी घेऊन जातात. मी आता सासूबाईंच्या हाताखाली. स्वच्छता अशी की सांडलेलं दूध फरशीवर पसरायच्या आत पुसलेलं असतं. पोरांची दुपारची झोप झाली की त्या एकेक चादर दोन्ही हातांनी फटाफट झटकतात. उन्हाच्या पट्ट्यात धूळ नाचते, मग घड्या होतात. आसपास त्यांचं नाव आहे, लांबून लोक पोरं आणून सोडतात.

पण हल्ली काहीतरी बिनसलंय. दुपारी कुणी धड झोपत नाही. दात खातात, लाथा झाडतात, मध्येच उठून भोकाड पसरतात. त्यातली एक नवीनच आलीय, मोज्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईची चार वर्षांची मुलगी. सगळे तिला भिंगरी म्हणतात. झोपताना उशीवर डोकं असतं, उठते तेव्हा उशीवर पाय. मला ती फार आवडते. सासूबाईंना तितकीशी नाही.

मलाही झोप येत नाही. कारण विचारू नकोस.

पोरांना माझा पापा दे आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
धाकटी


११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

कारण विचारू नकोस असं तू लिहितेस, म्हणजे विचारच असं लिहितेस. लहानपणी शाळेत मार खाल्लास की घरी येऊन आधी हेच म्हणायचीस. तुझ्या भावोजींना पत्र वाचून दाखवलं तर म्हणाले की नव्या लग्नात झोप येत नसेल तर थोरल्या बहिणीने तोंड बंद ठेवावं. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. पेपर उचलून आतल्या खोलीत गेले.

आता सरळ सांग. दिवस राहिलेत का? तसं असेल तर मला सगळ्यात शेवटी कळवल्याबद्दल तुझे कान उपटायचे आहेत. नवऱ्याशी वाजलंय का? तसं असेल तर दोघांचे. की सासूबाई टाकून बोलतात? त्या शिस्तीच्या असतील, पण लग्नात पाहिलं मी त्यांना. शेवटची पंगत उठेपर्यंत उभ्या होत्या, स्वतः घासभर खाल्लं नव्हतं. अशी बाई मनाने वाईट नसते.

इथे शाळांचे गणवेश शिवायला आलेत, घरभर निळं कापड पसरलंय. कात्री हातात धरली की तुझं ते एका जागी न ठरणं आठवतं आणि कापड वाकडं कापलं जातं. माझा जीव टांगणीला लावू नकोस, लगेच लिही. इथे रागवायलासुद्धा तूच लागतेस.

तुझी
ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे तिन्ही अंदाज चुकले. पण आधी वेगळंच सांगायचंय.

भिंगरीला काढून टाकलं. परवा संध्याकाळी आया पोरांना न्यायला आल्या, तेव्हा दोघीतिघींनी कुरकूर केली की पोरं सारखी खाजवतात, चिडचिड करतात, जेवत नाहीत. एकीने तर लेकाच्या चड्डीत सुतासारखा बारीक पांढरा किडा वळवळताना पाहिला होता. सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या पाळणाघरात किडा! मग त्यांची नजर भिंगरीवर गेली. तिची आई रोज तिच्या खिशात गोड गोळ्या घालून पाठवते. सासूबाईंनी तिचा हात धरून वर केला, नखांतली माती सगळ्यांना दाखवली आणि म्हणाल्या की असं गोड खाऊन जंत होणार नाहीत तर काय होणार, आणि एकीमुळे सगळ्यांना भोगावं लागतं, उद्यापासून हिला आणू नका. तिची आई कारखान्यातून तशीच आली होती, केसांत लोकरीचे तंतू. घाईघाईने मुलीच्या पायात चपला घातल्या, त्याही उलट्यासुलट्या. भिंगरी विचारत होती, उद्या सुट्टी आहे का?

ताई, ती माती सगळ्याच पोरांच्या नखांत होती. सगळी अंगणातच खेळतात.

आणि मी चादरींच्या घड्या छातीशी धरून उभी राहिले. बोलले नाही, कारण मलाही तेच होतंय. कुणाला सांगू? दिवसभर धकून जातं, अंथरुणाला पाठ टेकली की नको त्या जागी अशी खाज सुटते की जीव नकोसा होतो. मी कूस बदलत राहते. ह्यांना वाटलं ढेकूण झालेत, बिचाऱ्यांनी गादी गच्चीवर नेऊन उन्हात टाकली. लाजेने मी त्यांनाही सांगितलं नाही. सासूबाई म्हणतील, माहेरहून हेच घेऊन आली का?

आणि खरी गोष्ट ही की मला हे भिंगरी यायच्या आधीपासून होतंय. हे माहीत असलेली या घरात मी एकटीच.

काय करू ते लिही. मी चुकले असेन तरी आपली म्हण.

धाकटी


२२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

पत्र वाचून आधी हसले आणि मग हसू आलं त्याची लाज वाटली. वेडे, एवढ्यासाठी झोप घालवलीस? आमच्या धाकट्याला हेच झालं होतं, आणि त्याच्यापाठोपाठ आम्हा सगळ्यांना. तुझ्या भावोजींनाही. हे त्यांनी कुणाला सांगू नको म्हटलंय, तेव्हा तू वाचलं नाहीस असं समज.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं तसं सांगते. हे सुताएवढे जंत आतड्यात राहतात. माणूस झोपला की मादी खाली उतरते आणि बाहेर कातडीवर अंडी घालते, म्हणून खाज. पोर खाजवतं, अंडी नखांत जातात. तेच बोट तोंडात गेलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्याच हाताने खेळणं धरलं, दुसऱ्याने ते चोखलं, की त्यालाही. अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, पण कपड्यांवर, अंथरुणावर दोनतीन आठवडे जिवंत राहतात. गोड खाण्याचा यात काही संबंध नाही. मीही आमच्याकडे साखरेचा डबा कुलपात ठेवला होता, त्या हसल्या मला.

आता नीट वाच. तू लिहिलेलं ते चादरी झटकणं. तेच करू नये म्हणून त्यांनी मला बजावलं होतं. झटकलं की अंडी उडतात, भांड्यांवर, खेळण्यांवर बसतात, नाकातोंडात जातात. चादर न हलवता गुंडाळायची आणि गरम पाण्यात टाकायची. सकाळी उठल्याबरोबर अंघोळ, आतले कपडे रोज बदलायचे, नखं बारीक कापायची, शौचाहून आल्यावर आणि खाण्याआधी साबणाने हात. गोळी डॉक्टरांना विचारून, पण घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. एक जरी सुटला तरी फेरा चालूच.

याचा अर्थ तुला कळला असेल. पाळणाघरातल्या प्रत्येक घराला सांगावं लागेल, आणि ते सासूबाईंनाच सांगावं लागेल. त्याआधी त्यांना तू सांगायला हवंस. तू चुकलीस का, तर हो. गप्प राहिलीस. त्या पोरीचा हात धरला तेव्हाच बोलायला हवं होतंस. आपली आहेस म्हणूनच हे स्पष्ट लिहिते.

पत्र मिळाल्यावर आणखी एक रात्रही तळमळत काढू नकोस.

ताई


६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. हातातली जुडी तशीच राहिली. कधीपासून, एवढंच विचारलं. मी खरं ते सांगितलं. मग म्हणाल्या की या घरात असलं कधी नव्हतं, तू ये..., आणि पुढचं गिळलं. मला ते न बोललेलंही ऐकू आलं.

इथल्या डॉक्टरांनी तपासायची सोपी रीत सांगितली. सकाळी उठल्या उठल्या, अंघोळीच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी लावून काढायची आणि काचेवर चिकटवून न्यायची. सासूबाईंनी हट्टाने स्वतःचीही दिली, आपल्याला काही नाही हे सिद्ध करायला. ताई, त्यांच्या पट्टीवरही अंडी निघाली. माझ्या, ह्यांच्या आणि त्यांच्या. त्यांना खाज म्हणून कधी नव्हती. डॉक्टर म्हणाले, पुष्कळांना काहीच जाणवत नाही आणि ते पसरवत राहतात. पहिल्यांदा कोणी आणलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. चादरींचं मात्र त्यांनी तुझ्यासारखंच सांगितलं. परत येताना सासूबाई स्वतःच्या हातांकडे बघत चालत होत्या. गोळी गिळताना ह्यांनी माझ्याकडे अशा चेहऱ्याने पाहिलं की इतर कुठल्या दिवशी मी हसून लोळले असते.

मग सासूबाईंनी ठरवलं की भिंतींना रंग काढायचाय असं सांगून पाळणाघर थोडे दिवस बंद ठेवायचं, आतून सगळं धुवायचं आणि गाजावाजा न करता उघडायचं. मी म्हटलं, पोरांच्या घरी औषध झालं नाही तर ती पुन्हा घेऊन येतील. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांचं नाव एका संध्याकाळी मातीत घालू का? तेव्हा मी पहिल्यांदाच त्यांना उलट बोलले. एवढंच म्हणाले, "आई, भिंगरीला आपण चारचौघांत काढलंय."

त्यांनी चपला घातल्या आणि न सांगता बाहेर पडल्या. दिवे लागायची वेळ झाली, अजून आल्या नाहीत. हे शोधायला निघालेत. मी खिडकी ते दार, दार ते खिडकी करतेय. टपालपेटी उघडायच्या आत हे पत्र टाकते. बोलून मी बरोबर केलं ना?

तुझी
धाकटी


२८ मार्च

सौ. ताईबाई यांस,
स. न. वि. वि.

माझं पत्र पाहून नवल वाटेल. सूनबाई म्हणाली की पुढचं मी लिहिणार नाही, ज्यांचं आहे त्यांनी लिहावं. तिच्यात हे धारिष्ट कुठून आलं ते मला आता कळलंय. आपण लिहिलेलं तिने मला वाचून दाखवलं. गणवेश शिवणाऱ्या बाईने चुकलेली शिवण उसवूनही दाखवावी, हे मला आवडलं.

त्या दिवशी मी मोज्यांच्या कारखान्याच्या फाटकावर गेले. पाळी सुटली, बायका बाहेर पडल्या. भिंगरीच्या आईने मला पाहिलं आणि चालतच राहिली. मीही मागून चालले. माझं चुकलं, जंत माझ्याच घरात निघाले, पोरीला पाठवा, असं सगळं चालता चालता सांगितलं. ती थांबली, आणि म्हणाली, "तुम्ही तिला सगळ्यांसमोर काढलंत. मग मला इथे एकटीला का सांगता?"

तिने मला हाकलून दिलं नाही, ती रागावलीही नाही, फक्त निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सगळ्या आईबापांना खोलीत उभं केलं आणि सांगितलं. मुलांना जंत झालेत, ते मलाही आहेत, माझ्या चादरी झटकण्याने ते पसरले असणार, त्या मुलीचा दोष नव्हता आणि गोड खाण्याचाही नाही. एक गृहस्थ म्हणाले की स्वच्छतेसाठी म्हणून मुलं तुमच्याकडे ठेवली होती, आणि दोन्ही मुलं घेऊन निघाले. त्यांच्यामागून आणखी काही गेले. ते परत आलेले नाहीत. राहिलेल्यांपैकी एक आई हळूच म्हणाली की आमच्याकडेही कधीपासून आहे, लाजेने बोललो नाही. मग दुसरी बोलली, मग तिसरी. ज्या गोष्टीने कुणाची झोप होत नव्हती तिच्यावर शेवटी हसू आलं लोकांना.

डॉक्टर येऊन प्रत्येक घराला सांगून गेले. सगळ्यांनी एकाच दिवशी गोळ्या घेतल्या, दुसरी फेरीही झाली. चादरी आता गुंडाळून थेट गरम पाण्यात जातात. चादर उचलली की माझे हात अजून झटकायला वर जातात. सूनबाई खोकते, मी खाली करते.

मी सगळ्यांसमोर बोलल्याचं तिच्या आईच्या कानावर गेलं असणार, भिंगरी परत आली. तिची आई दारात सोडते, माझ्याशी बोलत नाही. मी वाट पाहत नाही असं म्हणणार नाही.

आता दुपारी खोली शांत असते. पोरं गाढ झोपतात, सूनबाईही बसल्या बसल्या डुलकी काढते. एकटी भिंगरी झोपत नाही. भिंतीला पाठ लावून बसते आणि मी कुठे जाते ते बघत राहते. कुठेतरी एखादा जंत राहिला असेल म्हणून मी डॉक्टरांना पुन्हा तपासायला लावलं. काही नाही म्हणाले. हे औषधाने जाणारं नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं. कालपासून मी तिच्या समोरच्या भिंतीशी चटई टाकते आणि तिच्याइतकाच वेळ जागी बसते. मध्ये सगळी पोरं झोपलेली, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत. आज तिने माझ्या दिशेने पाय लांब केले. एवढंच झालंय.

सूनबाईला जपा असं आपण मला लिहिणार असाल, तर आता तीच मला जपते. आपला लोभ मी गृहीत धरत नाही, पण मला तो हवा आहे.

आपली
धाकटीची सासू