सासूबाईंची गंगा

२१ जानेवारी १९७४, सोमवार. महाबलीपुरम
समुद्र. आयुष्यात पहिल्यांदा. चपला हातात घेऊन उभी राहिले. पातळ भिजलं, भिजू दिलं. मागे दगडी देऊळ, खाऱ्या वाऱ्यानं कडा झिजून बत्ताशासारखं झालेलं. तासभर घर आठवलंच नाही. आठवलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई सोलापुरात खाटेवर, मांडीचं हाड मोडलेलं. हे रजा काढून त्यांच्यापाशी. रामेश्वरला जायचं होतं त्यांना, आले मी.

त्यांची गंगा पिशवीत आहे. मामंजींनी काशीला स्वतः पाण्यात उतरून भरलेला तांब्याचा गडू, तोंड झाळून बंद केलेलं. ते गेल्यापासून देव्हाऱ्यात होता. ही गंगा रामेश्वराच्या पिंडीवर पडली की दोघांची यात्रा पुरी. निघताना एवढंच म्हणाल्या, "पडताना डोळ्यांनी बघ हं."

त्याच दिवशी, संध्या.
अक्कलकोटकडच्या अक्का, सोलापूरपासून गाडीत माझ्या शेजारी. सोमवारचा निर्जळी उपास, त्यात भर उन्हात समुद्रात बुडी मारली. वर आल्या आणि वाळूवर कोसळल्या. डोळे पांढरे. बायकांची रडारड. कुणीतरी ओरडलं, "गंगा घाला तोंडात, गंगा!" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

अक्कांच्याच अडकित्त्यानं झाळ उचकटली. पळी, चमचा काही सुचलं नाही. गडू सरळ त्यांच्या ओठांना लावला.

अक्का ठसकल्या आणि उठून बसल्या.
"अय्यो शिवा! जित्तेपणीच पोचवायला निघालाव व्हय गं मला? चा आणा की कुणीतरी."
सगळ्या हसल्या. मीसुद्धा पोट धरून हसले. मग गडूच्या काठाकडे लक्ष गेलं. उष्टी.

यात्रेबरोबरच्या गुरुजींना विचारलं. "माणसाच्या कामी आली, चांगलंच झालं. पण आता देवाला नाही चालायची, बाई."

२४ जाने., गुरु. रामेश्वर
लांबच लांब ओवऱ्या, सगळ्या विहिरींची स्नानं, ओल्यानंच दर्शन. अंगावर काटा आला म्हणून लिहिणार होते. नाही आला.
बाजारात गंगेचे बंद गडू मिळतात. एक घेतला. तो पिंडीवर पडला. बघितला. डोळ्यांनी.

घरच्या गडूत अर्धी उरली होती. अर्धा गडू परत नेला तर विचारतील. देवळासमोरच्या समुद्रात ओतली. पाण्यात पाणी, काही दिसलंसुद्धा नाही. वळताना वाटलं की... नको.

२९ जाने., मंगळ. सोलापूर
सासूबाईंनी रिकामा गडू मांडीवर घेतला.
"पडली?"
"हो."
"बघितलीस?"
"हो."
दोन्ही उत्तरं खरी ठरवता येतील. माझ्यासारख्या मासिकांत कथा लिहिणाऱ्या बाईला अशी वाक्यं जुळवायला वेळ लागत नाही. त्या पदरानं गडू पुसत राहिल्या.

रविवारी मावंदं घालायचं म्हणतात. यात्रेचं जेवण, साऱ्या गल्लीला. आणि यात्रेहून आलेल्याच्या पाया लहानथोर सगळ्यांनी पडायचं.

३१ जाने.
ह्यांना सांगितलं. "अगं, माणूस वाचवलंस. त्यात काय एवढं?"
"उरलेली ओतून का टाकली, ते विचारा."
गिरणीचा भोंगा झाला तसे आंघोळीला उठले.

अक्कांचा निरोप आहे, मावंद्याला येताहेत. गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत त्या. त्याआधी मीच सांगायला हवं. उद्या.

२ फेब्रु., शनि.
नाही सांगितलं. कालही नाही. आज सासूबाईंनी आपणहून केस धुवून मागितले, ठेवणीतलं लुगडं काढायला लावलं. दुखण्यापासून इतक्या हौसेनं काही मागितलं नव्हतं. उद्या सकाळी, कुणी यायच्या आत.

३ फेब्रु., रवि.
अक्का पहिल्याच बसनं आल्या. मी चुलीपाशी, बाहेरून आवाज,
"तुमच्या गंगेवर जगले बघा मी, आई! सूनबाईनं तोंडात वतली. न्हाईतर कुटली पुरणपोळी अन् कुटलं काय!"
सासूबाईंची खाट करकरली. मग,
"किती प्यायलात?"
"दोन घोट असतील की. लई गार होती."
"बरं झालं."

मला बोलावून घेतलं. "उरलेली कुठंय?"
सांगितलं. समुद्र, बाजारातला गडू, सगळं. अक्कांचा चेहरा पडला. सासूबाई म्हणाल्या, "पुरण गार होईल. पानं मांड."

जेवणं झाल्यावर एकेक जण पाया पडत होता. मी खिळल्यासारखी उभी. शेवटी ह्यांचा खांदा धरून सासूबाईच उठल्या. वाकता येत नाही, तरी हात माझ्या पावलांकडे.
"सासूबाई, नको. निदान तुम्ही तरी नको."
"तुझ्या नाही पडत. रामेश्वराच्या पडतेय."
हे लोकांदेखत म्हणून, की... कळलं नाही.

४ फेब्रु., सोम.
सकाळपासून चहा घेतला, औषध घेतलं. दुपारी अचानक,
"अक्कांना कार्ड टाक."
"काय लिहू?"
"चवीला कशी होती, विचार. मी कधी घेतलीच नव्हती. तुझ्या मामंजींनी भरली ती तशीच झाळून आणली." आणि भिंतीकडे तोंड केलं.

कार्ड पुढ्यात आहे. 'ती. अक्कांस सा. न. वि. वि.' एवढं झालंय.