गोळीवरचा चहा

आई, तुला जाऊन बावीस वर्षं झाली आणि तुझी एक चूक मी आजवर इमानदारीने चालवली, हे सांगायला बसलेय.

काळाचौकीच्या आपल्या खोलीत तू स्टोव्हजवळ बसलेली असायचीस. मला दिवस गेले तेव्हा म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातून रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या होत्या. चव गंजक्या खिळ्याची. तू कप पुढे करायचीस, "वरसून च्या पी गो, कडू लागाचा नाय," आणि मी प्यायचे. स्वतः मात्र सगळ्यांची पानं उठल्यावर उरलंसुरलं खायचीस. माझ्याआधीची तुझी दोन पोटातच गेली, तू नशिबाला बोल लावलास. तुझं रक्त कुणी तपासलंच नाही.

आता माझी सून. गेल्या वर्षी तिचं तिसऱ्या महिन्यात गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी रक्त वाढू दे, अंग तयार होऊ दे, मग बघू. झालं, पेपरात सासवांची टिंगल करून नाव कमावलेली मी आदर्श सासू व्हायला निघाले! नाचणीची भाकरी, लाल माठ, अळिवाचे लाडू. (बाळंतपणाच्या आधीच केले म्हणून शेजारणीने नाक मुरडलं.) आणि रोज सकाळी गोळी, वर लगेच माझ्या हातचा आल्याचा चहा. असे सहा महिने. रक्त काही वर सरकेना.

परवा लालबागच्या केमिस्टकडे सहज बोलले, तर तो म्हणाला, "चहावर देता? मग बेसिनमध्ये टाका ना मावशी! चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर द्या, चहा दोन तासांनी." माझ्या जिभेला अख्खी बिल्डिंग टरकून असते. मी नुसतं "बरं" म्हणाले.

घरी आले तर सून नवा रिपोर्ट घेऊन बसलेली. "आई, तुम्ही एवढं करता हो. माझ्याच अंगात काहीतरी खोट असणार." तेव्हाच सांगायचं होतं. मी नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला. तुझ्यावर रागवावं, तर तुला तरी कोणी सांगितलं होतं?

तीन दिवस लिंबूपाणी देतेय. "आई, चहा?" ती विचारते. "दूध नासलं गं," मी सांगते.

हे पत्र तिला लिहायला हवं होतं. तुला लिहितेय, कारण तू उत्तर देणार नाहीस. ती आत्ता खाली डेअरीवाल्याशी भांडायला गेलीय.