उत्तरेकडची बुटकी खिडकी

माझी धाकटी, लाडकी आणि फोनवर नुसतं 'बघू' म्हणणारी बीरेत,

थोरल्या बहिणीचे भरभरून आशीर्वाद. तुझा खुबा कसा आहे? नव्याबद्दल विचारतेय, जुन्याची चौकशी करून आता काय उपयोग! लिफ्टच्या घरात राहून पाय चालायचं विसरले नाहीत ना? माझं बरं चाललंय. कान हवं तेवढंच ऐकतात, पण ते लहानपणापासूनच. पत्र एल्ले लिहितेय. (एल्ले म्हणजे माझी नात, घरं आखण्याचं मोठं शिक्षण घेऊन आलेली. तुला ठाऊक आहे, पण स्वतःबद्दल लिहिताना तिचं अक्षर छान येतं म्हणून सांगितलं.) फोन न करता पत्र अशासाठी, की फोनवर तू 'बघू' म्हणतेस आणि लगेच तुमच्या त्रोम्सो शहराच्या हवेवर घसरतेस. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

तर गोष्ट आपल्या डोंगरातल्या केबिनची. तू ईस्टरला पायरीवर घसरून पडलीस आणि 'माझे डोंगर संपले' म्हणून निघून गेलीस, त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने छप्पर खाली बसलं. तू गेल्याचं त्यानं मनाला लावून घेतलं असं मी म्हणते, तुळई कुजली होती असं एल्ले म्हणते. आता ती त्याच उतारावर नवी केबिन बांधतेय. जुने ओंडके पुन्हा वापरायचे, भिंतीत मेंढीची लोकर भरायची, छपरावर भूर्जाची साल आणि वर गवताची माती. खाली सिमेंट नाही, नुसते खांब. उद्या उचलून नेली तर जमिनीला पत्ता लागू नये. मी म्हटलं, बाई गं, आपण सामी लोक तंबू उठवून रेनडियरच्या कळपामागे निघायचो तेव्हा मागे चुलीचे दगड तेवढे राहायचे, पण त्याबद्दल आपल्याला कुणी पदवी दिली नाही. (हे लिहिताना ती हसली. चांगली आहे पोर.)

पण या शहाणपणाची एक अट आहे: केबिन लहान हवी. जेवढी मोठी तेवढी लाकडं जास्त जाळायची. म्हणून एल्ले एकेक बिछाना मोजून घेतेय. तिचा, तिच्या नवऱ्याचा, पाहुण्याचा, माझा. आणि मग पेन्सिल चावत मला विचारते, "आजी, बीरेतआजीचा धरू की नको? ती येणार नसेल तर मी भिंत आत घेते." मी म्हटलं, "धर. येईल." "तिनं सांगितलं तसं?" "'बघू' म्हणाली." "आजी, 'बघू' म्हणजे नाही." एवढीशी होती तेव्हा मोजे उलटे घालायची, आणि आता मला माझ्या बहिणीच्या बोलण्याचा अर्थ सांगते!

कागदावरचं मला कळत नाही, म्हणून तिनं सगळा नकाशा उतारावरच्या बर्फात खऱ्या मापाचा काढला. स्कीने तुडवून तुडवून भिंती केल्या, खिडक्यांच्या जागी डहाळ्या खोचल्या. मी चुलीच्या जागेपाशी रेनडियरचं कातडं अंथरून बसले, कॉफीत चीज टाकलं, आणि जरा पाय मोकळे करून आले तर ही ओरडते, "आजी, तू भिंतीतून आलीस!" म्हटलं, "दार लांब होतं." तिचा नवरा तुर्ग्रिम (बर्गनचा, म्हणजे पावसातला, स्कीवर उभा राहिला की डोंगरालाच काळजी वाटते) तो तर दोनदा न्हाणीघरात पडला. आम्ही जेवत असताना शेजाऱ्यांचा एक रेनडियर निवांत चालत येऊन माझ्या बिछान्यावर नको ते करून गेला. तुर्ग्रिम म्हणाला, "हा पाहुण्यांत मोजायचा का?" तेव्हापासून मला तो नातजावई आवडायला लागला.

दारावरून मात्र आमचं वाजलं. मला दार तळ्याच्या बाजूला हवं होतं. मी बजावलं, मी इथे जन्म काढलाय, वारा मला विचारून वाहतो. एल्लेनं वाद घातला नाही. तिनं बर्फाचे ठोकळे रचून कमरेएवढ्या भिंती केल्या, त्यांत तिचं आणि माझं अशी दोन्ही दारं सोडली आणि सगळं वाऱ्याच्या हवाली केलं. वादळ ओसरल्यावर जाऊन पाहिलं, तर तिचं दार झाडूनपुसून ठेवल्यासारखं स्वच्छ आणि माझं दार अख्खं बर्फाखाली गडप. मी बराच वेळ तळ्याकडे बघत उभी राहिले. ती 'बघ, सांगितलं होतं' म्हणाली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

एका गोष्टीवर मात्र मी हटले नाही. उत्तरेच्या भिंतीला, खालच्या बिछान्याच्या उशाशी, एक बुटकी खिडकी. एल्ले कळवळली. उत्तरेची खिडकी म्हणजे ऊब बाहेर ओतायचं भोक, तिहेरी काच लावली तरी. मी म्हटलं, रस्त्यावरून कोण येतंय ते दिसेल. म्हणाली, "वरच्या खिडकीतून दिसतं." मी म्हटलं, कोल्हे दिसतील. म्हणाली, "तुला कोल्हे आवडत नाहीत." शेवटी माझ्या तोंडून गेलं, "अगं, वाचायला उजेड नको का?"

"आजी," ती हळूच म्हणाली, "तुला वाचता येत नाही."

मग मी कॉफी ओतायला उठले. परत आले तेव्हा तिनं त्या जागी डहाळी खोचली होती. बदल्यात माझी तळ्याकडची मोठी खिडकी गेली. जाऊ दे. तळं काय, मी पाहिलंय.

बर्फ वितळायच्या आत ओंडके कापायला घेणार आहेत. तेव्हा हो की नाही ते कळव, म्हणजे भिंतीला तिची जागा कळेल. तुझ्या मांजराला माझ्याकडून एक दटावणी.

तुझी थोरली,
रिस्तेन

ता. क. नव्या नकाशात पायरीच नाही. दारापर्यंत हलका उतार आहे, कठडाही आहे. हे मी मागितलं नव्हतं, एल्लेनं आधीच आखलं होतं. रस्त्यापासून तुर्ग्रिम तुला स्लेजवर बसवून आणेल. पडलीच तर सोबतीला तो असेलच, आधी तोच पडेल.

आणखी एक. छप्पर बसलं तेव्हा सगळे चूल आणि भांडी काढत होते, मी आपलं ईस्टरच्या सुट्टीत वाचायचं खुनाचं पुस्तक काढलं. जरा भिजलंय, पण तू जिथे पान मुडपून गेलीस तिथे अजून मुडपलेलं आहे. शेवटचं प्रकरण राहिलंय. एल्ले वाचून दाखवते म्हणाली. दोन ओळी वाचू दिल्या आणि बंद करायला लावलं. नॉर्वेजियन वाचता वाचता आपल्या सामी बोलीत सांगणं तिला जमतं, पण तिचा इन्स्पेक्टर नुसता इन्स्पेक्टरसारखा बोलतो. तुझा आपल्या आन्तेमामासारखा खोकून खोकून बोलायचा. दर ईस्टरसारखी संत्री मी सोलेन, तू वाच.

शेवटचं. खून डॉक्टरनं केला, हे मला तो पहिल्यांदा बुटांवरचे रबरी गॅलोश झटकत आत आला तेव्हापासून ठाऊक आहे. तरी ये.